या, पण वर्धा रोडनं या

न्यायसहायक मानसिक आरोग्यशास्त्र यांस,
सध्या मुक्काम : एक लॅपटॉप, मिहान, नागपूर



मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं तुमच्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीला नाव घातलं आहे. विद्यापीठ सिडनीचं, न्यू साउथ वेल्स. तिथं सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. पण व्याख्यानं साठवून ठेवलेली असतात, त्यामुळे शिफ्ट संपली की ती सवडीनं तुम्हाला भेटते. मनोरुग्ण आरोपी, त्याचा खटला, त्याची शिक्षा, त्याचे उपचार आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करील का याचा अदमास, एवढा पसारा तुमच्या पोटात आहे. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, म्हणून बहिणीनं मला विचारलं, "दादा, याचा काही उपयोग आहे का रे?" भाचीला काय सांगायचं ते मी सांगितलं. तुम्हाला सांगायचं ते मात्र चारचौघांत सांगावं म्हटलं, कारण तुमच्या वाटेला लागलेली ती काही एकटी नाही.

तुमची गरज इथं आजची नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये मुंबई पोलिसांनी रमण राघवला पकडलं. झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांचे खून त्यानं केले होते आणि तसं तो सांगतही होता. पोलीस सर्जननं त्याला निरीक्षणाखाली ठेवलं आणि हा वेडा नाही असं मत दिलं. बचावाच्या बाजूनं नायर रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ उभे राहिले. याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आपण माणूस मारतोय हे त्याला कळतं, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सत्र न्यायालयानं फाशी दिली. रमण राघवनं अपील करायलाच नकार दिला. फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयानं तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. हे मंडळ त्याच्याशी पाच वेळा बोललं, दर वेळी सुमारे दोन तास. शेवटच्या भेटीत निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर त्यानं तो घेतला नाही. आपण कायद्याचे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्यानं सांगितलं. १९८७ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला.

माझ्या मते महाराष्ट्रात तुमचं बारसं त्या दहा तासांत झालं. दहा तास एका माणसाचं ऐकून घ्यायचं, आणि तेही तो किती घृणास्पद वागला हे माहीत असताना. मी आजवर पाहिलेले बरेचसे दाखले अर्ध्या पानाचे असतात. त्यावर रुग्णाला स्थळकाळाचं भान आहे आणि तो प्रश्नांना उत्तरं देतो एवढं लिहिलेलं असतं. घटनेच्या रात्री त्याच्या डोक्यात काय चाललं होतं याचा त्यात पत्ता नसतो, आणि कायदा विचारतो तो नेमका तोच प्रश्न.

कायदाही फारसा हललेला नाही. लंडनमध्ये १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटननं पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली, तो वेडाच्या मुद्द्यावर सुटला आणि त्या गदारोळातून नियम ठरले. ते १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं, पण मजकूर जवळपास जिथल्या तिथं आहे. सिद्ध करण्याचं ओझंही आरोपीवरच. ते कसं पेलता येतं हे २००२ च्या एका निकालात दिसतं. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायानं भांडणानंतर, बायको कपडे धूत असताना तिच्या डोक्यात दगड घातला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. का, तर त्याच्या आजाराचा आधीचा इतिहास कागदावर होता, वडिलांच्या आजाराचा होता, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांतच त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावं लागल्याची नोंद होती. कुणीतरी बाह्यरुग्ण विभागाचे केसपेपर जपून ठेवले होते म्हणून हे जमलं. तुमच्या पहिल्या सत्रात हे शिकवतात की नाही मला ठाऊक नाही. शिकवत नसाल तर सुरुवात तिथून करा.

आता तुमच्या मुक्कामाविषयी. मिहानात तुम्ही उतरलात हे मला गमतीचं वाटतं. काचेच्या इमारती, विशेष आर्थिक क्षेत्र, परदेशी ग्राहकांच्या घड्याळावर चालणारं ऑफिस. तिथं सगळंच दुरून येतं, तसे तुम्हीही आलात. पण खापरीला मेट्रोत बसा आणि सीताबर्डीच्या दिशेनं या. वर्धा रोडला अजनीच्या पुढं मध्यवर्ती कारागृह आहे. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ च्या सकाळी फाशी दिली ते हेच. रहाटे कॉलनीच्या आसपासच सरकारची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पुढं सिव्हिल लाइन्समध्ये माझं जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ. आणखी उत्तरेला, मानकापूरच्या वाटेवर प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, ९४० खाटांचं. नागपूरकर त्या चौकाला अजून पागलखाना चौक म्हणतो आणि ऑटोवालाही त्याच नावानं नेऊन सोडतो. तुरुंग आणि मनोरुग्णालय, दोन्हींच्या स्थापनेचं साल १८६४ सांगतात. इंग्रजांनी एकाच वर्षी दोन भिंती बांधल्या आणि माणसं वाटून दिली. कोण कुठल्या भिंतीआड, हे ठरवण्याचं काम तुमचं. दीडशेहून अधिक वर्षं ते काम जमेल तो माणूस, जमेल तसं करतो आहे. आणि मिहान सोडायची गरजही नाही म्हणा. डिसेंबर २०२२ मध्ये लोकार्पण झालेलं एम्स तिथंच आहे, त्यात मानसोपचार विभाग आहे आणि न्यायवैद्यकशास्त्राचाही.

हे सगळं भाचीच्या ऑफिसपासून एका मेट्रो-रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि तुमच्या अभ्यासक्रमात यातलं काहीही नाही. माझी तक्रार एवढीच आहे. ऑनलाइन असण्याबद्दल नाही.

ऑनलाइनला नाकं मुरडणारे माझ्या बाररूममध्ये भरपूर आहेत. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका खून खटल्यात फाशी झालेला एक कैदी मार्च २०२३ मध्ये आमच्या या नागपूरच्या तुरुंगातून सुटला. घटनेच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं अठ्ठावीस वर्षांनी मान्य केलं. त्या काळात तो आत बसून शिकत होता, पदवीच्या पुढंही गेला. आपल्या तुरुंगांतून इग्नू आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं वाचून परीक्षा देणारे कैदी कमी नाहीत. भिंतीच्या आतला माणूस दूरशिक्षणानं शिकतो ते आपल्याला कौतुकाचं, आणि बाहेरच्या मुलीनं त्याच्या मनाचा अभ्यास दूरशिक्षणानं केला तर कमी प्रतीचा? हे मला पटत नाही.

मात्र सरकारचा विचार वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये जाहीर केलं की जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम, त्यात मानसशास्त्रही आलं, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायचे नाहीत. नोकरी, घर, लहान मूल सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांची एक अख्खी पिढी इग्नूनं घडवली होती, त्यांचा रस्ता बंद झाला. कारण समजतं. माणसाच्या मनाला हात घालणाऱ्यानं आधी कुणाच्या तरी नजरेखाली हात घालायला शिकावं, हे बरोबरच आहे. पण देशातलं दार लावल्यावर ज्यांच्याकडे काही लाख आहेत ते सिडनीच्या दारानं जाणार, आणि चंद्रपूरची, गोंदियाची मुलगी घरी बसणार. तुमच्या वर्गात कोण बसतं हे जरा मोजा.

आणि भाचीला मी स्पष्ट सांगितलं, तुमच्या जाहिरातीत ते इतकं स्पष्ट नसेल: या पदवीनं तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणार नाहीस. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती परिषदेनं मान्य केलेल्या, प्रत्यक्ष रुग्णांसोबत केलेल्या प्रशिक्षणानंतरच मिळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातही व्याख्या तीच आहे. पाटी लावता येणार नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तज्ज्ञ म्हणून उभी राहिलीस तर उलटतपासणीत माझ्यासारखा कुणीतरी पहिल्या पाच मिनिटांत तुला खाली उतरवील.

मग उपयोग काय? तो आहे, आणि तो मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच दाखवून दिला. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात न्यायालयानं म्हटलं की फाशीच्या शिक्षेचा विचार असेल तर खटल्याच्या टप्प्यावरच आरोपीचं मानसिक मूल्यमापन, बालपण, घर, शिक्षण, तुरुंगातली वर्तणूक हे सगळं समोर आलं पाहिजे. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी बदलण्याचं कारण ठरू शकतो हे मान्य झालं. कैद्याचं नाव गुप्त ठेवलं, निकालावर फक्त 'आरोपी एक्स'. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए नं २०२१ मध्ये ८८ फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ६२ टक्के कैद्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. हे मूल्यमापन डॉक्टर करतील. पण आरोपीच्या गावी जाऊन त्याच्या आईशी, शाळेतल्या मास्तरांशी, भगताशी बोलायचं कुणी? जुने केसपेपर शोधायचे कुणी? हे काम आज जवळजवळ कुणाचंच नाही. भाचीनं ते करावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अशी माणसं हवी आहेत, आणि त्यासाठी पाटी लागत नाही.

तिथं तुमची साधनं मात्र तपासून घ्यावी लागतील. कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथीची चाचणी तुम्ही शिकवता, वीस मुद्दे, चाळीस गुण, तीस किंवा त्याहून जास्त झाले की शिक्का. गडचिरोलीचा माडिया बोलणारा आरोपी, दुभाषी तुरुंगातलाच एखादा शिपाई, आणि प्रश्न इंग्रजीतून मराठीत, मराठीतून माडियात. त्याच्या अंगात येतं असं त्याची बायको सांगते. सिडनीचा परीक्षक त्याला भ्रम म्हणून नोंदवणार, सरकारी वकील त्याला ढोंग म्हणणार. दोघांपैकी कुणीही त्याच्या गावच्या देवळात गेलेलं नसणार. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण प्रश्न तुमच्या प्रश्नपत्रिकेत असायला हवा.

आणखी एक काम आमच्या विदर्भात तुम्ही न येताच चालू आहे. मेलेल्या माणसाच्या मनाची चौकशी तुमच्याकडे शिकवतात: चिठ्ठी, कर्ज, दारू, घरातली भांडणं, आधीची लक्षणं, नातेवाइकांच्या मुलाखती. आमच्याकडे शेतकऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं की तलाठी, तहसीलदार आणि पोलीस हीच चौकशी करतात, जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि निकाल दोनच शब्दांत लागतो, पात्र किंवा अपात्र. पात्र असेल तर घरच्यांना एक लाख रुपये. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे त्याचे निकष. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर शेतात राबणारी बाई मेल्यावरही पुष्कळदा शेतकरी ठरत नाही. डॉ. प्रकाश बेहेरे यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी या आत्महत्यांवर लिहिलं आहे. पण रोजच्या फायलीत मन कुठं येत नाही, आलंच तर 'घरगुती कारण' म्हणून अपात्र करायला येतं. तुम्हाला एखादा प्रकल्प करायचा असेल तर सीरियल किलर सोडा, यवतमाळच्या कलेक्टर कचेरीतल्या या फायली मागा.

सीरियल किलरवरून आठवलं. तुमच्याकडे येणारी निम्मी मुलं वेबसिरीज बघून येतात, मशीन लावलं की मन उघडतं अशी त्यांची समजूत असते. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा दिली, तेव्हा जगभर चर्चा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा चाचण्या आरोपीच्या संमतीशिवाय करू नयेत असं बजावलं. एवढं त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

शेवटी, भाचीला प्रकल्प लिहावा लागलाच तर त्यासाठी एक विषय सुचवतो, तुमची परवानगी असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०३ वाचा. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तीन महिन्यांनी त्या कायद्याखालच्या मंडळाकडे अहवाल पाठवायचा असतो, आणि त्यात प्रमाणित करायचं असतं की या तुरुंगात एकही मानसिक आजारी कैदी नाही. त्याच कलमात पुढं राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी असंही म्हटलं आहे. एकीकडे असे कैदी नाहीत असं लिहून द्यायचं, आणि दुसरीकडे त्यांच्यासाठी खाटा ठेवायच्या. विदर्भातल्या तुरुंगांतून ही तिमाही प्रमाणपत्रं जातात का, जात असतील तर त्यांत काय लिहिलेलं असतं, यासाठी माहिती अधिकारात अर्ज करायचा आहे. मसुदा मी करून देतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, बाकी खर्च तुमच्या विद्यापीठानं करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जिल्हा न्यायालय, नागपूर येथील एक फौजदारी वकील