कानातलं नाव

भाचीच्या बारशाला चार वर्षं झाली, तरी ती चिठ्ठी मी विसरलेले नाही.

आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, घर कोपरखैरण्याला. भावाला मुलगी झाली. मृगाचा चौथा चरण, अक्षर आलं ‘की’. मी कीर्ती ठरवलं, वहिनीला फोनवर सांगितलंही. ती म्हणाली, “बघू ताई.” मी ते होच धरलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये पाळण्यामागे काहीतरी कापडाने झाकून ठेवलं होतं. बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या. मी पाळण्यावर वाकले आणि वहिनीच्या बहिणीने माझ्या मुठीत चिठ्ठी सरकवली. ‘कियारा.’ आत्याने ठेवायचं नाव आत्याने वाचून म्हणायचं! कुर्रर्र केलं, सांगितलं. धपाटे पडले. कापड निघालं, मागे तीच सोनेरी अक्षरं. केकवरही तेच. म्हणजे केकवाल्याला माझ्याआधी माहीत. त्या रात्री मी रडले. नाव नावडतं म्हणून नव्हे. सख्ख्या भावाला एक फोन करता आला नाही, म्हणून. आजही माझं म्हणणं तेच आहे.

अर्थ विचारला तर भावाने मोबाइल पुढे केला: तेजस्वी. मी संस्कृत कोश काढून बसले. त्यात काही मिळालं नाही. इटलीत ‘क्यारा’ म्हणजे उजळ, स्वच्छ. आयर्लंडमध्ये जवळपास तसंच नाव आहे, तिथे अर्थ काळी. आपल्याकडे 2010च्या ‘अंजाना अंजानी’त प्रियांका चोप्राच्या पात्राचं हे नाव होतं. त्यावरून आलिया अडवाणीने स्वतःला कियारा करून घेतलं, कारण आलिया भट आधीच पडद्यावर होती. म्हणजे ज्या नटीवरून पोरींची नावं ठेवतात, तिलाही ते पाळण्यात मिळालेलं नाही.

हे सगळं मी तावातावाने आईला सांगत होते. आई म्हणाली, “नकुसाकाकीच्या नावाला अर्थ होता की गं.”

माझी चुलत आजी. मुलीवर मुलगी झाली म्हणून नकुसा. त्या नावाला कोश लागत नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011मध्ये अशा 285 नकुसा शोधून त्यांना नवी नावं द्यायचा कार्यक्रम झाला. काहींनी ऐश्वर्या घेतलं, नटीचंच. तेव्हा मला ते किती आवडलं होतं! काकी मात्र त्याच्या आधीच गेली, त्याच नावाने.

तरी नव्या आईबापांना सांगते, घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नाव नंतर घालता येतं. 1 मे 2024पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लागतं. चारही शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. आणि घरातल्यांना विचारा.

परवा भाचीच्या शाळेत ‘तुझं नाव कोणी ठेवलं’ असं विचारलं. तिने सांगितलं, “आत्तूने. कानात.” घरी येऊन मला विचारते, “तुला कसं सुचलं गं?”

चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “तुझ्याकडे बघून.”