नाही कळलं!

शाळेत गुरुजींनी शिकवलेले डोक्यावरून गेले तरी आम्ही मान डोलवायचो. 'नाही कळलं' म्हणायची लाज वाटे. ती लाज एका जाड पुस्तकाने घालवली.

फाउंटनच्या फुटपाथवर आम्हाला 'ढालग्रेन' ही इंग्रजी विज्ञान कादंबरी मिळाली. १९७५ सालची, आठशेच्या वर पानांची. लेखक सॅम्युएल डिलेनी, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेले. बेलोना नावाचे उद्ध्वस्त शहर, स्वतःचे नाव विसरलेला नायक, आकाशात दोन चंद्र! शहर कशाने उजाडले, ते लेखक सांगतच नाही. कादंबरी अर्ध्या वाक्याने सुरू होते आणि अर्ध्या वाक्यावर संपते. दोनदा पुस्तक मिटले. वाटले, आपलेच इंग्रजी कच्चे.

पुढे समजले की फिलिप डिक आणि हार्लन एलिसन या विज्ञानकथेतल्या नामवंतांनीही ते अर्धवट टाकले होते. थिओडोर स्टर्जन यांनी मात्र डोक्यावर घेतले. प्रती तर दहा लाखांहून अधिक खपल्या!

धीर आला. तिसऱ्यांदा वाचताना रिचर्ड्स कुटुंब भेटले. शहर ओस पडले आहे, तरी घरधनी रोज कामाला म्हणून बाहेर पडतो. काम उरले आहे का, हे घरात कुणी विचारत नाही.

आम्ही थबकलो. १९८२ च्या संपात गिरणी गेली, तरी आमचे वडील कितीतरी दिवस डबा घेऊन निघत. आम्हीही कधी विचारले नाही.

कादंबरी अजून पुरती कळलेली नाही. वडील मात्र थोडे कळले. तेव्हा मुलांनो, 'नाही कळलं' हे मोकळेपणाने म्हणा; पण पुस्तक मिटू नका.