ऑइल प्रेशरचा काटा

गाडीत जादा गेज बसवावं की नाही, हा प्रश्न मला प्रत्येक पोस्टिंगमध्ये कुणी ना कुणी विचारतोच. ईएमईचा माणूस म्हटलं की लोक बोनेट उघडूनच समोर येतात. गावी सुटीवर गेलो तर ट्रॅक्टरवाले, युनिटमध्ये नव्या गाडीचे हप्ते भरणारी पोरं. माझं उत्तर ठरलेलं आहे. काटा कुठल्या आकड्यावर गेला की तुम्ही नेमकं काय करणार, ते आधी सांगा. सांगता आलं तर बसवा. नाही तर तेवढे पैसे टायरला घाला.

बंगळूरला आल्यावर हाच प्रश्न एका कर्नल साहेबांनी विचारला. त्यांना आकडेही पाठ होते आणि त्यावर काय करायचं तेही. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

साहेब तोफखान्याचे. मी त्यांच्या रेजिमेंटच्या एलएडीत तीन वर्षं होतो. आता निवृत्त होऊन ते बसवनगुडीत राहतात, गांधी बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. जुनी वस्ती, मोठी झाडं, सकाळी फुलांचे हारे आणि फिल्टर कॉफीचा वास. जवळच बगल रॉक म्हणून मोठा खडक आहे. पूर्वी तिथून बिगुल वाजवून पहाऱ्यावरच्या शिपायांना इशारा देत, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. साहेब रोज पहाटे तिकडे फिरायला जातात. आम्ही दोघं साताऱ्याकडचे, त्यामुळे माझा महिन्यातला एक रविवार त्यांच्याकडे ठरलेला.

त्यांच्या अंगणात एक लाल सॅन स्टॉर्म उभी आहे. तरुण वाचकांना हे नाव माहीत नसेल. बंगळूरच्याच सॅन मोटर्सने काढलेली ही दोन सीटची, उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. फार थोड्या बनल्या. साहेबांनी ती जुनी घेतली आणि जपली. पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन पुन्हा करून घेतलं, रंग दिला, सीट शिवून घेतल्या.

त्या रविवारी टेबलावर तीन गोल डबे होते. जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणलेले. ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि व्होल्टमीटर.

"साहेब, हे तिन्ही गिअरच्या पुढे एका पट्टीत बसवायचे," ते म्हणाले. फौजेत जेसीओला साहेब म्हणतात, ती सवय त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही.

"सर, गाडीत बिघाड आहे का काही?"

"काहीच नाही. गाडी उत्तम आहे."

मग कशाला, हे मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं.

या माणसाचा कान मी पाहिलेला आहे. बोफोर्स ओढणाऱ्या स्कॅनिया गाड्यांचा काफिला समोरून जाताना ते बोट दाखवून सांगायचे, तिसऱ्या गाडीचा बेल्ट बघा. बघितलं तर बेल्ट खरंच सैल. पण १९९९ साली द्रासमध्ये ते बॅटरी कमांडर होते. १५५ मिलिमीटरच्या तोफा रात्रंदिवस चालू होत्या. कानात बोळे घालून वायरलेस ऐकता येत नाही, हे तोफखान्यातल्या कुणालाही विचारा. त्याची किंमत कान हळूहळू चुकवतो. आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट लागत नाहीत. गाडीची घरघर ऐकू येते, पण तिच्यातली टिकटिक येत नाही.

आता ते तीन डबे पुन्हा बघा. ऑइल कमी पडलं की इंजिनच्या डोक्यावर टिकटिक सुरू होते. पाणी तापलं की पंखा सुरू झाल्याचा आवाज येतो, आणि तो थांबेनासा झाला की ड्रायव्हर सावध होतो. बॅटरी उतरली की स्टार्टर कण्हतो, बेल्ट सरकला की किंचाळतो. साहेबांनी तीन गेज आणली नव्हती. गेलेला कान त्यांनी बाजारातून तीन तुकड्यांत विकत आणला होता.

गेज म्हणून त्यांची निवड बरोबर होती. कंपनीचा ऑइलचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत प्रेशर पाच-सात पौंडांवर आलं की लागतो. तोवर बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असू शकतं. काटा मात्र आधीपासून उतरताना दिसतो. दर हजार आरपीएमला दहा पौंड, हा जुना ठोकताळा अजून कामाला येतो. तापमानाचंही तसंच. हल्ली पुष्कळ गाड्यांचा काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. पाणी ऐंशीवर असो की शंभरावर, तो हलत नाही, म्हणजे मालक घाबरत नाही.

मी डबे हातात घेऊन बघत होतो तेव्हा मॅडम चहा घेऊन आल्या. साहेब आत चष्मा आणायला गेले होते. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "परवा नॅशनल कॉलेजच्या चौकात मागे अँब्युलन्स होती. बराच वेळ. मी खांद्यावर थापटलं तेव्हा यांनी बाजू दिली. मशीन लावा म्हणते, तर म्हणतात म्हाताऱ्यांचं असतं ते."

अँब्युलन्ससाठी जे. सी. रोडवर गेज मिळत नाही.

साहेब आल्यावर मी विषय काढला. त्यांची तयारी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ सालीच कर्णबधिरांच्या लायसनचा मार्ग मोकळा केला आहे, त्यांनी ऐकवलं. खरं आहे. जगभर कर्णबधिर माणसं गाडी चालवतात आणि चांगली चालवतात. पण ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांनी चालवायला शिकलेली असतात. आरसा, रस्ता, पुन्हा आरसा. चाळीस वर्षं कानाने गाडी चालवलेल्या माणसाचं तसं नसतं. आवाज आला तर बघू, असं त्याचं शरीर अजून धरून चाललेलं असतं, आणि आवाज येत नाही.

"सर," मी म्हटलं, "कानाची ड्युटी आता डोळ्यांवर आली आहे. एकाच संत्रीला दोन पोस्ट. त्यात गिअरपाशी तीन काटे लावले तर त्याला तिसरी पोस्ट देतोय आपण. काटा वाचायला मान खाली जाणार, आणि नेमक्या त्याच वेळी आरशात कुणी नसणार."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग काढून टाकू म्हणता?"

"नाही सर. पोस्ट बदलू."

फौजेत गाडीची फर्स्ट परेड असते, हॉल्ट परेड असते, लास्ट परेड असते. निघण्याआधी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर तपासणी. काटे वाचायची खरी वेळ ती. चालत्या गाडीत ड्रायव्हरला आकडा लागत नाही. थांब की चल, एवढंच लागतं. म्हणून ऑइल प्रेशरचं गेज आम्ही बोनेटखाली बसवलं. मेकॅनिकल गेज, त्यामुळे तेलाची नळी केबिनमध्ये आणायचा प्रश्नच नाही. कंपनीच्या स्विचच्या जागी पितळी 'टी' थेट इंजिनवर लटकवला तर थरथरीने तो तुटू शकतो आणि गरम तेल सायलेन्सरच्या पाइपवर उडू शकतं. म्हणून लवचिक होज घेतला आणि 'टी' बॉडीवर ब्रॅकेट करून पक्का केला. गाडी पूर्ण गरम करून मोजलं. आयडलला वीस पौंड. मग पंधरा पौंडांवर लागणारा वेगळा स्विच त्याच 'टी'वर घेतला. पाण्यासाठी १०५ अंशांचा स्विच. दोन्हींचे दिवे मोठे, डॅशबोर्डच्या वर, रस्ता बघताना नजरेत येतील असे. पंधरा म्हणजे वीसपेक्षा खाली, म्हणून दिवा उगाच लुकलुकत नाही, आणि पाच-सातपेक्षा बराच वर, म्हणून इंजिन बंद करायला वेळ मिळतो. प्रत्येक वायरला फ्यूज. व्होल्टमीटर गॅरेजच्या भिंतीवर. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. सकाळी एकदा बघायचं आणि वहीत लिहायचं.

काम संपायला दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी दोन दिवे तपासून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "आणि अँब्युलन्स?"

म्हणजे मॅडम बोलल्या होत्या.

"त्याचं गेज ईसीएचएसमध्ये मिळतं, सर. पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावं लागतं."

ते हसले नाहीत. चिडलेही नाहीत. द्रासला त्यांच्या हाताखाली असलेला एक हवालदार आता सोलापुरात असतो, त्याचं नाव घेऊन म्हणाले, "तो फोनवर ओरडून बोलतो. मला वाटायचं त्याचा फोन खराब आहे." मग त्यांनी स्वतःच वहीत, व्होल्टच्या रकान्याखाली, पॉलिक्लिनिकची वेळ लिहून ठेवली.

ते गेले का, मशीन लावलं का, हे मी इथे लिहिणार नाही. तो त्यांचा आणि मॅडमचा विषय आहे.

तोफा, रणगाडे, इंजिनं आणि फायरिंग रेंज यांच्याजवळ नोकरी काढलेले पुष्कळ जण हा लेख वाचत असतील. घरात टीव्हीचा आवाज कोण वाढवतो, ते बघा. नातवंडांचं बोलणं अर्धवट कळतं आणि आपण नुसती मान डोलावतो का, ते बघा. गाडीला गेज लावायला माझी ना नाही. वायर बारीक वापरू नका, फ्यूज विसरू नका. पण काटा लावण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारा. हा काटा गाडीसाठी हवा आहे, की आपल्यातलं काही कमी झालंय ते झाकायला? गाडीची फर्स्ट परेड आपण कधी चुकवली नाही. ड्रायव्हरचीही एक असते.

जय हिंद.