नऊ मीटरचा रस्ता

शनिवार, ४ जून २०२२. अकोला

लोणीच्या पुढे एसटी मुंगीच्या गतीने चालली. कालपासून या रस्त्यावर रात्रंदिवस डांबरीकरण सुरू आहे. पेव्हर पुढे सरकतोय, मागे रोलर, त्याच्यामागे डंपरची रांग, आणि त्या रखरखत्या उन्हात तोंडाला दुपट्टे बांधलेले मजूर. कंडक्टर सगळ्यांना अभिमानाने सांगत होता, "लोणी ते माना. गिनीज बुकात नाव जाते आपलं." हा महामार्ग कित्येक वर्षं रखडला होता. मूर्तिजापूरपर्यंत पाठीची हाडं मोजत गेलेले आम्ही लोक. त्यामुळे गाडीत कुणी उशिराची कुरकुर केली नाही.

माहेरी जातेय ती कामासाठी. उद्या बिल्डर येणार आहे.

रविवार, ५ जून. अकोला

जठारपेठेतलं आमचं घर बाबांनी सत्तरच्या दशकात बांधलं. चार हजार चौरस फुटांचा प्लॉट, पुढे ओटा, कडुनिंब, मागे विहीर. आता दादाची गुडघेदुखी, वहिनीला एवढं अंगण झाडवत नाही, मुलं बाहेरगावी. आजूबाजूच्या सहा घरांपैकी चार घरांच्या फ्लॅट स्कीमा झाल्या. खाली पार्किंग, वर चार-पाच मजले.

बिल्डरने नकाशा पसरला आणि आधी घराबद्दल नाही, रस्त्याबद्दल बोलला. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रीकृत बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात महापालिका हद्दीत मूळ चटईक्षेत्र प्लॉटच्या १.१० पट आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबायचं. नऊ मीटर भरला की मनपाला प्रीमियम भरून ०.५० आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्याने जमीन देऊन मिळवलेला बांधकामाचा हक्क, विकत घेऊन ०.४०, म्हणजे एकूण २. बारा मीटरला सव्वादोन. पुढे तीस मीटरच्या रस्त्यावर तीनपर्यंत. आमच्या प्लॉटवर अरुंद रस्त्याला ४,४०० चौरस फूट, नऊ मीटरला ८,०००. जिना-बाल्कनीचा हिशेब वेगळा.

मग टेप काढली. दादाने एक टोक आमच्या कुंपणाला धरलं, बिल्डरचा पोरगा समोरच्या भिंतीपर्यंत गेला. साडेसात मीटर.

"काकाजी, मनपाने रस्त्याची रेषा नऊ मीटरवर आखली आहे. तुमच्या बाजूचा पाऊण मीटर मनपाच्या नावे करून द्या. मग नऊ मीटरचा हिशेब लागतो."

पाऊण मीटर म्हणजे ओट्याची पहिली पायरी आणि कडुनिंब.

आई आतापर्यंत गप्प होती. म्हणाली, "जागा देऊ ना बाप्पा. पन मंग त्या रस्त्यानं बस येईन का? का नुसत्या गाड्याच उभ्या राहतीन?"

बिल्डर भला माणूस आहे. तो म्हणाला, "आजी, थे माह्या हातात नाही."

बुधवार, ८ जून. अमरावती

झाला विक्रम. पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा एक पदर, १०५ तास ३३ मिनिटांत. आधीचा विक्रम कतारमधला होता. सातशेवर माणसं या कामावर होती. त्या मजुरांचे चेहरे मी पाहिले आहेत, त्यांचं कौतुक मनापासून.

पण सकाळपासून फोनवर एकच सूर: "बाहेर पाच दिवसांत होते, मग शहरात का होत नाही?" मला हा प्रश्नच पटत नाही. महामार्गाची जमीन आधीच सरकारच्या हातात होती, तिथे फक्त डांबर ओतायचं होतं. शहरातल्या रस्त्याच्या प्रत्येक फुटाला मालक आहे. त्या फुटावर कुणाचा जिना आहे, कुणाची पानटपरी, कुणाची तुळस. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखतात. घर पाडून नव्याने बांधायला निघालात की त्या रेषेच्या मागे सरकावं लागतं. घरं काही एकाच दिवशी पडत नाहीत. म्हणून आमच्या गल्लीत एक इमारत मागे, शेजारचं घर पुढे, मग पुन्हा एक मागे. पडलेल्या दातांच्या कवळीसारखा रस्ता. मागे सरकलेल्या त्या खोबणींत मोटारी उभ्या राहतात, आणि चालणारा माणूस मोटारीला वळसा घालून पुन्हा वाहतुकीत येतो. जमीन रस्त्याला मिळाली असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात ती पार्किंगला मिळाली.

रविवार, १२ जून. अमरावती

सकाळी उन्हं चढायच्या आत जुन्या परकोटाच्या जवाहर गेटमधून सराफ्यापर्यंत पायी गेले. निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये पेंढाऱ्यांच्या भीतीने हा परकोट बांधायला घेतला. आतल्या गल्ल्या अरुंद राहिल्या. आज त्याच गल्ल्यांत सोन्याची दुकानं, कापडाचे ढीग, हातगाड्या आणि मधे अडकलेला ऑटो. इथे रुंदीकरण करायचं तर दाट वस्तीत दिलेल्या जमिनीला तिप्पट टीडीआर मिळतो, मोकळ्या भागात दुप्पट. पण पिढ्यान्‌पिढ्या दहा फुटांच्या दुकानावर जगणाऱ्याने त्यातले चार फूट दिले, तर त्या टीडीआरच्या कागदावर दुकान कसं मांडायचं? मोठ्या प्लॉटवाल्याला रुंदीकरण लाभाचं आहे, लहान दुकानदाराला ते उठवणं आहे. या दोघांना एकाच नियमाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

येताना राजापेठ ते इर्विन चौक उड्डाणपुलाखालून आले. वरून मोटारी निघून जातात. खाली शहर बस, ऑटो, सायकली आणि पायी लोक. बसची वाट पाहायला सावली नाही. एका बाईने दोन पिशव्या आणि लेकरू सांभाळत रस्त्याच्या मधोमध येऊन बसला हात दाखवला, तेव्हा ती थांबली. थांबायच्या जागेवर मोटारी उभ्या होत्या.

मंगळवार, १४ जून. अमरावती

वटपौर्णिमा. वडाजवळ बायकांची गर्दी. माझ्या मनात मात्र अकोल्याचा कडुनिंब. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या गावात झाड म्हणजे काय, हे दुपारी दोन वाजता त्याच्याखाली उभ्या ऑटोवाल्याला विचारावं. गेल्या वर्षी झाडांच्या कायद्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षांपुढचं झाड आता वारसा वृक्ष. बाबांनी घराच्या आधी झाड लावलं होतं, म्हणजे ते पन्नाशीच्या आसपास आहे. दादाला फोन करून म्हटलं, झाडाचं वय काढून घे, बिल्डरच्या नकाशावर ते दाखवलेलंच नाही.

शुक्रवार, १७ जून. अमरावती

मुलाचा पुण्याहून फोन. त्याला माझ्या आईचा बसबद्दलचा प्रश्न फार आवडला. म्हणाला, पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, देशातली पहिली. रस्ता मोठा केला, मधली मार्गिका बसला दिली. मग मोटारी तिच्यात शिरल्या, आणि बसचा हक्क तुकड्यातुकड्याने गेला. रुंदी उरली, बस अडकली.

आपल्याकडे तर मार्गिका दूरच. अकोल्याची शहर बस सुरू होते, बंद पडते. सध्या बंदच आहे. गेल्याच महिन्याअखेर तिथे उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं, गर्दी पाहायला गेली. पण आईला जठारपेठेतून दवाखान्यात जायचं तर ऑटो, आणि ऑटोवाला म्हणेल तो भाव. वर जितकी बिऱ्हाडं वाढतील तितक्या दुचाकी वाढतील. आठ बिऱ्हाडांच्या स्कीममध्ये वीस गाड्या सहज. एका बसच्या थांब्याला लागते त्याहून जास्त जागा त्या खातात.

दादाच्या शंका वेगळ्या आणि तितक्याच खऱ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. पाया किती खोल नेणार? काटेपूर्णेचं पाणी महानहून येतं, तेही रोज नाही. एका घराच्या जागी आठ घरं झाली तर टाकी कशी भरणार? सिमेंट रस्ता दर वेळी जुन्यावरच ओततात, त्यामुळे शेजारच्यांचा ओटा रस्त्याच्या खाली गेला आणि नालीचं पाणी घरात शिरतं. मी मजल्यांच्या विरोधात नाही. शहर आडवं पसरत काळ्या मातीची शेतं गिळत जाण्यापेक्षा चार मजले बरे. त्यासाठी पाणी, नाली आणि बस ही तीन कामं आधी व्हावीत.

रविवार, २६ जून. अकोला

पाऊस आला. घराचा निर्णयही झाला.

स्कीम होईल, पण नऊ मीटरचं सगळं चटईक्षेत्र वापरायचं नाही. प्रीमियम घ्यायचा, टीडीआर घ्यायचा नाही. पार्किंग आणि वर तीन मजले. बिल्डरने तोंड वाकडं केलं, मग हिशेब करून हो म्हणाला. पाऊण मीटरचा पट्टा मनपाला देऊ. कडुनिंब पट्ट्यातच येतो, तो जागेवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती पायवाट करायची, असं करारात लिहून घेतलं. वकिलांच्या मते मनपाला हे बंधनकारक नाही. म्हणून वेगळा अर्ज करायचा ठरला.

अडचण ही की जायचं कुणाकडे? मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली, आता प्रशासक आहेत. पूर्वी नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसता यायचं. आता आवक-जावक खिडकी.

अर्ज मी लिहिला, आईने ऐकला. मागण्या चार. रुंदीकरणात मिळालेल्या पट्ट्यांवर वाहनं उभी करू देऊ नयेत. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर बसथांब्याची जागा आताच आखून ठेवावी, बस नंतर येवो. झाडं नकाशावर दाखवावीत. नवा रस्ता जुन्यावर न ओतता खरवडून करावा, म्हणजे शेजाऱ्यांचे ओटे बुडणार नाहीत.

आई म्हणाली, "पाचवं लिही. थांब्यावर बसायले ओटा पाह्यजे. म्हाताऱ्या माणसानं उभं किती राहाव?"

लिहिलं. गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या झाल्या, शेजारच्या स्कीमांमधल्या भाडेकरूंच्याही घेतल्या, कारण बस त्यांनाच जास्त लागेल. समोरचे काका सही करत नाहीत. त्यांना भीती वाटते की सही केली तर त्यांचीही भिंत मागे जाईल. दादा उद्या त्यांच्याशी बोलणार आहे. अर्ज सोमवारी खिडकीवर द्यायचा, शिक्क्याची प्रत घ्यायची, आणि एक प्रत नगररचना विभागात.