बॉम्बेच्या जवळ

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले, त्या पहिल्याच रात्री मेसमध्ये ओळखींचा कार्यक्रम चालला होता. कुणी नागपूरची, कुणी सांगलीची, कुणी थेट दादरची. माझी पाळी आली आणि मी एकदम सफाईदार कॉन्व्हेंटी इंग्रजीत सांगून टाकलं, ‘आय ॲम फ्रॉम निअर बॉम्बे.’

‘निअर म्हणजे? ठाणे? कल्याण?’ दादरवालीने विचारलं.

‘मनमाड,’ मी ताटातल्या वरणाकडे बघत म्हटलं.

सगळं टेबल हसलं. मनमाड ते मुंबई अंतर सुमारे २६० किलोमीटर! ‘मग आमचं नागपूरही दिल्लीजवळच,’ असा एक शेराही आला. हसण्याचं एवढं वाटलं नाही. बोचलं ते वेगळंच. मी माझं गाव लपवलं होतं, आणि तेही ‘बॉम्बे’ या शब्दामागे. मराठीत ओळख करून द्यायची असती तर ‘मी मुंबईजवळची’ म्हणायला माझी जीभच वळली नसती. मराठीतली मुंबई कशी, अंधारात उठून पंचवटी पकडायची, लासलगाव, निफाड, नाशिक, इगतपुरी, मग कसारा घाट, आणि पाय आखडून गेल्यावर कुठे ती येणार! इंग्रजीतलं बॉम्बे मात्र मला कसं कोण जाणे, हाताशी असल्यासारखं वाटत होतं.

बरं, हा शब्द मला चिकटला कुठून? शाळेत सिस्टर्सनी काही शिकवला नव्हता. आमच्या नकाशात मुंबईच होती. सरकारने इंग्रजीतलं नाव बदललं १९९५ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी सिनेमांतून, मामेभावंडांकडून तो आला आणि मला भारी वाटला, झालं.

सुट्टीत आजोबांना विचारलं. आजोबा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात होते, जिथे पुलांचे गर्डर बनतात तिथे. ते म्हणाले, ‘नाव बदललं म्हणजे काय गं? आम्ही आधीही मुंबईच म्हणायचो. बदललं ते साहेबाच्या भाषेत.’

किती खरं आहे! गोविंद नारायण माडगांवकरांचं पुस्तक १८६३ चं, त्याचं नाव ‘मुंबईचें वर्णन’. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. मराठी माणसाच्या लेखी १९९५ ला काहीच घडलं नाही म्हणा ना! (आजोबा स्वतः मात्र अजून ‘व्ही.टी.’च म्हणतात. १९९६ ला सी.एस.टी. झालं, २०१७ ला त्यात ‘महाराज’ आलं, आजोबा जागचे हलले नाहीत. विचारलं तर म्हणे, ‘ते स्टेशन आहे, गाव नाही.’)

नावाच्या अर्थाचीही गंमत आहे. बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज ‘बॉम बाहिया’, चांगली खाडी, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. पण पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी, म्हणजे तिला ‘बॉम’ नाही, ‘बोआ’ लागायला हवं. ‘चांगला खाडी’ असं कोण म्हणेल? त्यापेक्षा कोळ्यांची मुंबादेवी, मुंबा आई, हेच मला पटतं. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचं ‘बोंबाइम’ झालं आणि इंग्रजांनी त्याचं बॉम्बे केलं.

आणि इंग्रजीत हा शब्द गेलेला नाहीच. हायकोर्ट बॉम्बेचंच आहे. २०१६ ला नाव बदलायचं विधेयक लोकसभेत आलं, पण पास झालं नाही. आय.आय.टी. बॉम्बेच. विमानाच्या तिकिटावर बी.ओ.एम. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला दुर्मिळ रक्तगट जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणूनच ओळखला जातो. आपला साधा बोंबील, तो साहेबाच्या ताटात ‘बॉम्बे डक’! सगळ्यात हुशार महापालिका. बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशनचं बृहन्मुंबई केलं आणि बी.एम.सी. जसंच्या तसं राहिलं.

त्यामुळे कुणी बॉम्बे म्हटलं की अंगावर धावून जाणं मला पटत नाही. २००९ ला ‘वेक अप सिड’मध्ये बॉम्बे म्हटलं म्हणून निर्मात्याला माफी मागावी लागली होती. आमची दादरवाली (आता ती माझी रूममेट आहे) इंग्रजीत सर्रास बॉम्बे म्हणते, आणि त्याच दमात आईला फोनवर, ‘मुंबईत पाऊस आहे का गं?’ तिला दोन्ही शब्द शोभतात, कारण ती त्यातल्या कुठल्याच शब्दामागे काही लपवत नाही. माझी गोष्ट वेगळी होती.

मनमाड म्हटलं की लोकांचं ठरलेलं, ‘हां, जंक्शन! रात्री चहाला उतरतो आम्ही.’ जणू तिथे फक्त प्लॅटफॉर्म आहे, घरं नाहीतच! त्या चहाचा मला इतका राग होता की मी २६० किलोमीटर गिळून टाकले.

गेल्या दिवाळीत रूममेटला घरी नेलं. स्टेशनबाहेर येताच ती ओरडली, ‘अय्या, तो बघ थम्स अप!’ गावाच्या डोक्यावरचा तो उभा सुळका. ट्रेकिंगवाले त्याला तेच म्हणतात, आणि खरं सांगते, मीही मैत्रिणींना तेच सांगत आले होते. त्या दिवशी म्हटलं, ‘हडबीची शेंडी.’

‘काय?’

‘हडबीची शेंडी.’ तीनदा सांगावं लागलं. मग तिने रिक्षात बसून पाठ केलं.

मेसमधला किस्सा मी आजोबांना आधीच सांगून ठेवला होता. घरी पोचल्यावर त्यांनी चष्मा वर करून तिला विचारलं, ‘कुठली गं तू?’

‘दादरची, आजोबा.’

‘अच्छा अच्छा,’ आजोबा म्हणाले, ‘म्हणजे मनमाडच्या जवळचीच की!’