अकरावीच्या केमिस्ट्रीआधी सहावीचं गणित



दहावीचा निकाल लागला की आमच्या आंबिवली-मोहने भागातले पालक बाजारात भेटले तरी एकच विचारतात, "बाई, पोरीने सायन्स घेतलंय, आता क्लास कुठला लावू?" मी प्राथमिकची शिक्षिका, डीएड झालेली. पण मुलं पाढे माझ्याकडे शिकलेली असतात, म्हणून विचारतात.

२०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला आणि अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने झाले. यादी लागून कॉलेज सुरू होईपर्यंत हातात बरेच दिवस होते. तेव्हा माझे तीन माजी विद्यार्थी रोज संध्याकाळी तासभर माझ्याकडे बसायला लागले. त्यातल्या एकीने गणित सोडून बायोलॉजी घेतली होती. तिला फार्मसीला जायचं आहे. "गणित सुटलं एकदाचं," असं ती आल्या आल्या म्हणाली.

गणित विषय सुटतो, पण केमिस्ट्रीतलं गणित सुटत नाही. अकरावीच्या केमिस्ट्रीत सुरुवातीलाच मोल, टक्केवारी, द्रावणाची तीव्रता, सार्थ अंक हे सगळं येतं. मुलं तिथे अडतात आणि "केमिस्ट्री डोक्यावरून जाते" म्हणतात. खरं तर अडलेली असते ती सहावी ते आठवीची उजळणी. म्हणून मी अकरावीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि माझ्या कपाटातली बालभारतीची जुनी गणिताची पुस्तकं काढली. मुलांना आधी हसू आलं.

एकमान पद्धत

मी विचारलं, "एक वही १८ रुपयांना, तर ४५ रुपयांत किती वह्या?" तिघांनीही सांगितलं, अडीच, पण अर्धी वही कोण देणार? मग म्हटलं, "१८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, तर ४५ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल?" सगळे गप्प. गणित तेच, उत्तरही तेच, अडीच. आणि इथे अर्धा मोल चालतो! नववीच्या विज्ञानात मोल येऊन गेलेला असतो. पण तो व्याख्या म्हणून पाठ झालेला असतो. मोल म्हणजे डझनासारखं मोजायचं माप आहे, फक्त डझनात १२ आणि मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, एवढं लक्षात आलं की भीती निम्मी होते.

गुणोत्तर : नगाचं आणि वजनाचं

हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. नगांचं गुणोत्तर २:१. पण वजनाला ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि पाणी होतं ३६ ग्रॅम. म्हणजे वजनाचं गुणोत्तर १:८. इथे भले भले गोंधळतात. मी विचारलं, "पिशवीत दोन लिंबं आणि एक कलिंगड आहे. नग कशाचे जास्त? वजन कशाचं जास्त?" उत्तर लगेच आलं.

मग मिसळीचं गणित. एका प्लेटला दोन पाव. मिसळ पाच प्लेट पुरेल इतकी आहे आणि पाव आठ. पूर्ण प्लेट किती? चार. एक प्लेट मिसळ उरते, कारण पाव आधी संपतात. केमिस्ट्रीत जो पदार्थ आधी संपतो आणि उत्पादन किती होणार ते ठरवतो, त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. नाव मोठं, हिशेब पावाचा.

टक्केवारी

आमच्याकडच्या एनआरसी कंपनीत रेयॉनचा धागा बनायचा. २००९ मध्ये ती बंद पडली. तिघांपैकी एकाचे आजोबा तिथेच कामाला होते. व्हिस्कोस पद्धतीच्या रेयॉनसाठी लाकडाचा लगदा सुमारे १८ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवतात. मी विचारलं, "वजनाने १८ टक्के असं १०० ग्रॅम द्रावण करायला पाणी किती घ्याल?" तिघेही म्हणाले, १०० ग्रॅम. उत्तर ८२ ग्रॅम. टक्केवारी एकूण द्रावणावर असते, नुसत्या पाण्यावर नाही. त्या मुलाने हा प्रश्न घरी जाऊन आजोबांना घातला म्हणे.

दशांश अपूर्णांक आणि घातांक

ज्या मुलीचं "गणित सुटलं" होतं, तिला दहावीच्या गणितात चांगले गुण होते. पण ६ भागिले ०.५ करताना ती थांबली. "बाई, भागाकार केला तर उत्तर कमी व्हायला पाहिजे ना?" मी म्हटलं, "सहा लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भर." बारा पिशव्या. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. हा प्रश्न तिने इतकी वर्षं मनात ठेवला होता आणि नियम पाठ करून दहावीपर्यंत आली होती. केमिस्ट्रीत २५० मिलिलिटर म्हणजे ०.२५ लिटर करून त्याने भागायचं असतं. नियम विसरला की उत्तर कुठल्या कुठे जातं, आणि ते चुकलंय हेही कळत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगॅरिदमचे तक्ते चालतात. आपल्या दहावीच्या गणितात लॉगॅरिदम नाही, पण घातांक आठवीत येऊन गेलेले असतात. १००० म्हणजे १० चा कितवा घात? तिसरा. मग १००० चा लॉग ३. घाताचा प्रश्न उलटा विचारला, इतकंच. म्हणूनच पीएच ७ वरून ४ वर आला तर आम्लता तिप्पट होत नाही, हजारपट होते.

तीन आठवडे कसे वापरले

पहिला आठवडा दशांश अपूर्णांक, एकके आणि घातांक. दुसरा आठवडा गुणोत्तर, एकमान पद्धत, टक्केवारी. तिसऱ्या आठवड्यात सूत्रातली राशी इकडून तिकडे नेणं (घनता आणि वस्तुमान दिलं तर आकारमान काढा), आणि मग मोलची सोपी उदाहरणं. रोज दहा गणितं, मोबाइल दूर. प्रत्येक गणिताआधी उत्तराचा अंदाज लिहायचा. मराठी माध्यमाच्या मुलांनी एक वेगळी वही केली : गुणोत्तर म्हणजे रेशो, घातांक म्हणजे इंडेक्स, वस्तुमान म्हणजे मास. नाहीतर येत असलेलं गणितही फक्त इंग्रजी शब्दामुळे अनोळखी वाटतं.

दिवाळीत ती मुलगी भेटली. म्हणाली, "मोलची गणितं जमतात. बाकी पाठांतर खूप आहे हो बाई." म्हणजे तीन आठवड्यांत केमिस्ट्री सोपी झाली असं नाही. पण गणितावरून तिने शाखा बदलली नाही. आमच्याकडे क्लासची फी भरताना घर हलतं. तिथे मूल दिवाळीपर्यंत सायन्स सोडून देतं तेव्हा पैसे जातातच, पण आपण "ढ" आहोत हा शिक्काही ते स्वतःवर मारून घेतं.

पालकांनो, जुनी पुस्तकं रद्दीत घालताना सहावी, सातवी, आठवीची गणिताची तेवढी ठेवा. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात. मूल सोळा वर्षांचं झालं म्हणून सहावीचं पुस्तक उघडण्यात कसलाच कमीपणा नाही.

आणि शिक्षकहो, आपल्या वर्गात "०.५ ने भागलं तर उत्तर वाढतं कसं?" असं कुणी विचारलं, तर त्या दिवशी पाठ थोडा मागे राहिला तरी चालेल. सहा लिटर दूध घ्या आणि पिशव्या भरा.