ओळखीचा शब्द आणि वापरातला शब्द

पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवताना मी कहूट, क्विझलेट, अंकी ही डिजिटल साधनं वापरतो. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. मुलांना मजा किती आली हा साधनाचा कस नाही. शब्द आठवायला त्यांना डोकं किती चालवावं लागलं, हा खरा कस. कहूटमध्ये पडद्यावर प्रश्न येतो, मोबाइलवर रंगीत चौकोन उमटतात आणि जो लवकर बोट टेकवेल त्याला जास्त गुण. वर्ग जागा होतो, मागचे बाकही सरसावतात. पण चार पर्यायांतून शब्द ओळखणं निराळं आणि कोऱ्या कागदासमोर तो सुचणं निराळं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं घोडं अडतं ते दुसऱ्या ठिकाणी. वाचताना शब्द कळतो, बोलताना तोंडात येत नाही.

कार्पिके आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे बोलका आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. एकदा आलेला शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा विचारला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी तो पुढे नुसताच वाचला, त्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. अंकी या शब्दकार्डांच्या अॅपची रचना याच धर्तीची आहे. कार्डावर गाळलेल्या जागेचं वाक्य घालायचं, उत्तर मनात धरायचं, मग कार्ड उलटायचं. आलं तर ते काही दिवसांनी परत येतं, चुकलं तर लगेच.

ही घोकंपट्टीच झाली, असं काही सहकारी म्हणतात. सुटे शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करून घेतले, तर त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून कार्डावर वाक्य हवं. ‘मिस्टेक’आधी ‘डू’ नाही, ‘मेक’ येतं, हे वाक्यातूनच अंगवळणी पडतं. सगळ्यांकडे नेट कुठे असतं, हा आक्षेप अधिक वजनाचा. पण अंकीचं अँड्रॉइड अॅप मोफत आहे, उतरवलेली कार्डं नेटविना चालतात आणि फोनच नसेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरही हेच करता येतं. मोबाइल हातात आला की लक्ष उडतं, हेही खरं. म्हणून तासातली दहाच मिनिटं त्याला द्यावीत. कहूट जरूर खेळवा, पण गेल्या आठवड्याचे शब्द पर्याय न देता विचारल्याशिवाय नवे शब्द देऊ नका.